प्रेशर ट्रीटेड पाइनचा बाक: लाकूड सुकवण्यापासून स्टेनच्या दुसऱ्या हातापर्यंत

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांचे सागवानी खांब पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिले, कारण सागाच्या गाभ्यात किडीला आणि बुरशीला न रुचणारी द्रव्यं मुळातच असतात. आज वडोदऱ्यात गच्चीवर किंवा अंगणात बाक करायचा म्हटलं की सागाचा भाव ऐकून माणूस मागे फिरतो, आणि वखारवाला हिरवट झाक असलेल्या पाइनच्या फळ्या दाखवतो: ‘ट्रीटेड आहे, उधई लागणार नाही.’ लाकूड चांगलं आहे. फक्त सागासारखं वागवलं की फसतं. पहिल्या पावसाळ्यानंतर रंगाचे पापुद्रे सुटतात, बसायची जागा चिकट होते, स्क्रूभोवती काळे ओघळ येतात. चूक बहुतेक वेळा दोनच ठिकाणी असते. लाकूड आतून ओलं असताना रंगवलेलं असतं, किंवा दुकानातून आणलेला डबाच चुकीचा असतो.

खालची मापं एका साध्या बाकासाठी आहेत: १२०० मि.मी. लांब, पाठ नसलेला, चार फळ्यांचा. कुंड्यांची घडवंची किंवा वेलीचा मांडव करायचा असेल तर मापं बदला, क्रम तोच ठेवा.

१. हंगाम ठरवा

दसऱ्याच्या आसपास लाकूड घ्या, दिवाळीभर ते सुकू द्या, मार्गशीर्षात स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, द्या. जून ते सप्टेंबर हवेतच इतकी ओल असते की लाकूड सुकत नाही. एप्रिल-मेमध्ये उलट होतं: चाळिशीपार गेलेल्या उन्हात स्टेन लाकडात शिरायच्या आत वर सुकतो आणि ब्रशच्या पट्ट्या दिसत राहतात. साधारण १० ते ३२ अंश तापमान हवं, म्हणजे आपल्याकडे नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. गच्चीवर काम करणार असाल तर ते उत्तरायणाच्या निदान आठवडाभर आधी संपवा. १४ जानेवारीला गच्चीवर अख्खी सोसायटी असते, ओला बाक तिथे जगत नाही.

एकूण सहा ते आठ आठवडे धरा. त्यात हाताने करायचं काम तीनच दिवसांचं आहे.

२. वखारीत काय बघायचं

आपल्याकडे येणारं बरंचसं आयात पाइन कांडला-गांधीधामच्या बाजूने येतं, आणि ओंडके बंदरावर उतरतात तेव्हा ट्रीटमेंट झालेली नसते. ती इथे होते. बंद लोखंडी टाकीत लाकूड ठेवून आधी आतली हवा ओढून घेतात, मग दाबाखाली औषधी द्रावण पेशींत घुसवतात. लातीवर (गुजराती सुतार वखारीला ‘लाती’ म्हणतात) ‘ट्रीटेड’ हा शब्द तीन वेगळ्या वस्तूंना लावतात, म्हणून नुसत्या शब्दावर जाऊ नका.

पहिली वस्तू खरी प्रेशर ट्रीटेड. दुसरी नुसती द्रावणात बुडवून काढलेली. तिसरी मकरपुरा जीआयडीसीसारख्या औद्योगिक भागातून निघणारी पॅकिंगची फळी. तिच्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का आणि ‘एचटी’ ही अक्षरं असतात. त्याचा अर्थ इतकाच की कीड मरावी म्हणून लाकूड तापवलं आहे. त्यात औषध काहीच नाही, पावसात ती साध्या पाइनसारखीच कुजते. शिक्क्यावर ‘एमबी’ असेल तर त्या लाकडाला मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेली आहे. ते घरी आणूच नका.

खरं-खोटं ओळखायला फळीचं टोक बघून उपयोग नाही, कारण टोकातून द्रावण नेहमीच खोल जातं. टोकापासून वीतभर आत एक काप मारून द्यायला सांगा. कापाच्या तोंडावर बाहेरचं रसकाष्ठ, म्हणजे गाभ्याभोवतीचं सालीकडचं लाकूड, पार आतपर्यंत हिरवट दिसलं पाहिजे. मधला गाभा पिवळसर राहिला तर हरकत नाही, गाभा द्रावण घेतच नाही. हिरवा रंग कडेला नुसता मिलिमीटरभर असेल तर ते बुडवलेलं लाकूड आहे. ज्या फळीत गाभा जास्त आणि रसकाष्ठ कमी, ती बाजूला ठेवा.

दुसरा प्रश्न औषधाचा. तीन नावं ऐकायला मिळतील.

सीसीए, म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक. हे मिश्रण डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी १९३३ साली शोधलं आणि जगभर गेलं. टिकायला उत्तम. पण त्यात आर्सेनिक आहे, म्हणून अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापराच्या लाकडासाठी ते बंद झालं. आपल्याकडे अजून मिळतं. कुंपणाच्या खांबाला ठीक. ज्यावर उघड्या पायांची पोरं बसणार, किंवा ज्याला लागून भाजीचा वाफा असणार, तिथे आमचं मत स्पष्ट आहे: नको.

सीसीबी म्हणजे आर्सेनिकच्या जागी बोरॉन. बोरॉन पाण्याने हळूहळू धुपतं, त्यामुळे मातीत रोवायच्या लाकडाला कमी पडतं. जमिनीपासून वर उचललेल्या बाकाला चालतं.

एसीक्यू किंवा कॉपर अझोल यांत आर्सेनिकही नाही, क्रोमियमही नाही. बाकासाठी हेच मागा. तांबं जास्त असल्याने ते लोखंड लवकर खातं, त्याची तजवीज पुढे आहे.

बिलावर औषधाचं नाव लिहून घ्या आणि ट्रीटमेंट करणाऱ्या कारखान्याचं प्रमाणपत्र मागा. भारतीय मानक आयएस ४०१ हे याच विषयाचं आहे, त्याचा उल्लेख प्रमाणपत्रावर असेल तर चांगलं. आयात तयार फळीवर चिठ्ठी असेल तर न्यूझीलंडच्या पद्धतीत ‘एच३.२’ म्हणजे बाहेर पण जमिनीच्या वर, ‘एच४’ म्हणजे मातीत. अमेरिकी चिठ्ठीवर हेच ‘यूसी३बी’ आणि ‘यूसी४ए’ असं असतं.

वखारवाला तयार असेल तर सगळे तुकडे मापात कापून, भोकंसुद्धा पाडून, मग ट्रीटमेंटला पाठवायला सांगा. याच्याइतका पक्का मार्ग दुसरा नाही.

३. काय काय लागेल

लाकूड:
- बैठकीच्या फळ्या १२०० × ९० × ३० मि.मी., ४ नग
- पाय ७० × ७० × ४२० मि.मी., ४ नग
- लांब पट्ट्या १०५० × ७० × ३० मि.मी., २ नग
- आडव्या पट्ट्या ३०० × ७० × ३० मि.मी., ३ नग

हे सगळं मिळून जेमतेम एक घनफूट भरतं. कापातला खराबा धरून सव्वा घनफूट घ्या.

बाकीचं:
- ५ × ६० मि.मी. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, ५० नग. त्यातले २४ बैठकीलाच जातात
- बाहेरच्या लाकडाचा अर्धपारदर्शक स्टेन, १ लिटर
- कापलेल्या टोकांसाठी कॉपर नॅफ्थेनेटचं द्रावण, पाव लिटर पुरतं
- ६० आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर
- तीन इंची ब्रश एक, एक इंची एक. स्टेन तेलाचा असेल तर नैसर्गिक केसांचा, पाण्याचा असेल तर नायलॉनचा
- सुती चिंध्या, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, एन९५ मास्क
- २० मि.मी. जाडीच्या कोरड्या पट्ट्या डझनभर, थर रचायला
- सुटकेस तोलायचा लटकता डिजिटल काटा

४. सुकवणं: बाक इथेच बिघडतो किंवा टिकतो

टाकीतून निघालेलं लाकूड पाण्याने फुगलेलं असतं. वखारीत ते एकमेकांवर घट्ट रचलेलं राहतं, त्यामुळे वरून कोरडं लागलं तरी आत ओल तशीच असते. त्यावर स्टेन दिला तर तेलाला आत जायला जागाच नसते. तो वर साय धरून बसतो, पुढे उन्हात आतली वाफ बाहेर येताना ती साय उचलते, आणि पापुद्रे सुटतात.

घरी आणल्यावर सावलीत, पण वारा खेळेल अशी जागा बघा. पोर्च, जिन्याखालची मोकळी जागा, शेड. उन्हात ठेवून घाई केली तर एक बाजू आधी आकसते, फळी पन्हळीसारखी वळते आणि टोकाला चिरते. खाली विटा समपातळीत मांडा. त्यावर फळ्यांचा थर, थरावर दर ४०० मि.मी.ला एक कोरडी पट्टी, पुन्हा थर. सगळ्या पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत आल्या पाहिजेत. पट्टी सरकली तर फळी तिथेच वाकते. वरच्या थरावर दोन-चार विटांचं वजन ठेवा.

किती दिवस? दिवाळीच्या सुमाराच्या हवेत ३० मि.मी. फळीला साधारण तीन ते पाच आठवडे लागतात, ७० मि.मी.च्या पायाला त्याहून जास्त. पण दिवस मोजण्यापेक्षा वजन मोजा. एक फळी आणि एक पाय ठरवून त्यांच्यावर पेन्सिलने खूण करा, दर रविवारी काट्याला लटकवून वजन लिहा. सुरुवातीला आठवड्याला शंभर-दोनशे ग्रॅम सहज उतरतात. लागोपाठ दोन आठवडे फरक फळीत २० ग्रॅमच्या आत आला की लाकूड हवेशी जुळलं. छोटा तुकडा तोलू नका, तो टोकांकडून भराभर सुकतो आणि खोटी आशा लावतो.

ओलावा मोजायचं दोन सुयांचं यंत्र असेल तर १५ टक्क्यांच्या खाली आकडा हवा. मात्र औषधातल्या क्षारांमुळे ट्रीटेड लाकडात हे यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं. आकडा एका जागी थांबला का, ते बघा.

शेवटी पाण्याचा थेंब. फळीवर दोन-चार थेंब टाका. दहा मिनिटांत शोषले गेले तर स्टेनही शोषला जाईल. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर अजून थांबा. काही लाकडाला कारखान्यातच पाणीरोधक मेण दिलेलं असतं, त्यावर थेंब महिनोन्‌महिने उभे राहतात. वजन स्थिरावूनही थेंब शोषले जात नसतील तर हाताने एकदा ६० नंबरचा कागद फिरवून पुन्हा बघा.

५. कापणं आणि भोकं

नव्या कापाच्या तोंडावर औषध न पोचलेला गाभा उघडा पडतो, आणि वाळवीला तेवढा दरवाजा पुरतो. म्हणून प्रत्येक काप आणि प्रत्येक भोक कॉपर नॅफ्थेनेटने भिजवा. टोक पाच मिनिटं द्रावणात उभं ठेवता आलं तर उत्तम, नाहीतर ब्रशने दोन भरपूर हात. पुढे जाण्याआधी डब्यावर लिहिलं असेल तितका वेळ सुकू द्या. हे द्रावण हिरवं असतं आणि वासही उग्र असतो, मोकळ्यावरच वापरा. कापलेली टोकं पायाच्या खाली, जमिनीकडे येऊ देऊ नका. कारखान्याचं मूळ टोक खाली, तुमचा काप वर.

स्क्रूसाठी ३ मि.मी.चं भोक आधी पाडा, नाहीतर टोकाजवळ फळी फाटते. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू आणि बाजारातले चमकदार पिवळे-पांढरे स्क्रू इथे चालत नाहीत. तांब्याच्या क्षारांनी त्यांचा पातळ मुलामा जातो, मग लोखंड गंजतं आणि काळे ओघळ उतरतात. स्टेनलेस ३०४ घ्या, किंवा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले. ॲल्युमिनियमची पट्टी किंवा कोन या लाकडाला थेट टेकवू नका.

आत्ता फक्त जुळवून बघा आणि पुन्हा सुटं करा. स्टेन सुट्या तुकड्यांना चारही बाजूंनी द्यायचा आहे.

६. धुणं आणि घासणं

वखारीची धूळ, पेनाच्या खुणा आणि हिरवे-पांढरे क्षारांचे ठिपके काढायला कोमट पाणी, थोडा भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश पुरे. प्रेशरचा पंप लावू नका, मऊ पाइनचे तंतू उभे राहतात. लाकूड सीसीएचं असेल तर ब्लीच, कॉस्टिक किंवा ऑक्झॅलिक ॲसिड अजिबात नको, त्याने आत पक्कं बसलेलं औषध सुटून बाहेर येतं. स्टीलचा काथ्याही नको. त्याचे कण लाकडात राहतात आणि गंजून काळे ठिपके पडतात. धुतल्यावर पुन्हा तीन-चार दिवस सावलीत सुकवा.

मग घासणं, आणि तेही कमीच. ६० नंबरने कुसळं काढा, ८० नंबरने एकदा रेषेच्या दिशेने, बस. फर्निचरची सवय असलेला कारागीर १८० किंवा २२० नंबरपर्यंत जाईल. हात लावायला ते छान लागतं, पण रंध्रं बुजतात आणि स्टेन आत जात नाही. रंधा मारू नका, औषधाचा सगळ्यात दाट थर बाहेरच असतो. घासताना मास्क लावा, खाली ताडपत्री अंथरा, काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय खाऊ नका.

७. डबा निवडणं

हार्डवेअरच्या दुकानात ‘वुड स्टेन’ मागितलं की बहुतेक वेळा एक छोटी बाटली हातात पडते. तो घरातल्या फर्निचरला पॉलिशच्या आधी द्यायचा नुसता रंग असतो. त्याला पाणी अडवता येत नाही आणि ऊनही सोसत नाही. तुम्हाला हवा आहे बाहेरच्या लाकडासाठीचा, आत मुरणारा स्टेन, ज्यात तेल किंवा रेझिन, उन्हापासून वाचवणारी रंगद्रव्यं आणि बुरशीनाशक तिन्ही असतात. डब्यावर ‘एक्स्टीरियर’ हा शब्द बघा आणि मागची वापराची सूचना दुकानातच वाचा.

पॉलिशवाला मेलामाइन सुचवेल, चपड्याचं पॉलिश सुचवेल. दोन्ही घरातली. चपडं पाण्याने पांढरं पडतं, मेलामाइन उन्हात तडकतं. बाहेरचं पीयू (पॉलियुरेथेन) जास्त टिकतं, पण तोही वरचा पापुद्राच. तो सुटायला लागला की सगळा घासून काढावा लागतो, आणि ट्रीटेड लाकूड तितकं घासणं कुणाच्याच फुप्फुसाला बरं नाही. मुरणारा स्टेन नुसता फिका होत जातो, वरून नवा हात दिला की काम झालं. म्हणून बसायच्या आडव्या पृष्ठाला हाच.

रंगछटा निवडताना हिरवी झाक विसरू नका. फिकट पिवळी किंवा मधाळ छटा हिरव्यावर शेवाळी दिसते. तांबूस तपकिरी घेतली तर हिरवं दबतं. पूर्ण पारदर्शक घेऊ नका, रंगद्रव्य नसेल तर ऊन थेट लाकडाला लागतं आणि वर्षभरात लाकूड राखाडी होतं. त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यावर दोन हात देऊन, सुकल्यावर, दिवसाच्या उजेडात बघा. दुकानातला नमुना साध्या लाकडावर केलेला असतो.

या बाकाचं एकूण पृष्ठ साधारण २.३ चौरस मीटर होतं. पहिला हात लिटरला सहा चौरस मीटर धरला तर ४०० मिली, दुसरा त्याहून कमी, २५० मिलीच्या आसपास. एका लिटरमध्ये आरामात होतं.

८. स्टेनचे दोन हात

सकाळचं दव उडाल्यावर, दहाच्या सुमारास सुरू करा आणि चारच्या आत थांबा. काम सावलीत. लाकूड हाताला गरम लागत असेल तर थांबा.

डबा हलवू नका, बुडबुडे होतात. चपट्या काठीने तळापासून ढवळा, आणि काम चालू असताना दर दहा मिनिटांनी पुन्हा. रंगद्रव्य तळाशी बसतं, त्यामुळे न ढवळता केलेल्या पहिल्या दोन फळ्या फिक्या आणि शेवटच्या दोन गडद होतात. दोन डबे लागणार असतील तर आधीच एका बादलीत एकत्र करा.

आधी टोकं. एक इंची ब्रशने भरपूर पाजा, शोषली की पुन्हा पाजा. पाणी सगळ्यात जास्त टोकांतूनच शिरतं. मग एका वेळी एकच फळी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्ये न थांबता. अर्ध्यात फोन घेतलात तर तिथे काठ सुकतो आणि पुढचा हात त्यावर चढून गडद पट्टा उमटतो. तो नंतर जात नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी जे वर चमकत राहिलं असेल ते चिंधीने पुसून घ्या. ही पायरी बरेच जण सोडतात, जास्त स्टेन म्हणजे जास्त संरक्षण असं वाटतं म्हणून. लाकडाने जेवढं प्यायलं तेवढंच कामाचं. वर उरलेलं चिकट राहतं, त्यावर धूळ आणि बसणाऱ्याचे कपडे चिकटतात.

दुसऱ्या हाताच्या बाबतीत डब्याचं ऐका. काही स्टेनना पहिला हात ओलसर असतानाच दुसरा हवा असतो, काहींना २४ तासांनी. तुकडे दोन दिवस सुकू द्या, मग जोडा. फळ्यांमध्ये ५-६ मि.मी. फट ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही. जोडताना ओरखडे पडतील, तिथे छोट्या ब्रशने हात फिरवा. बसायला आणखी दोन-तीन दिवसांनी.

९. चिंध्या, भुसा आणि तुकडे

तेलाच्या स्टेनने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सुटते, बोळ्यात ती कोंडते, आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. एकेक चिंधी मोकळ्यावर पसरून कडक सुकवा, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

उरलेले तुकडे होळीत नाहीत, बंबात नाहीत, चुलीत तर नाहीतच. सीसीए जाळलं की आर्सेनिक धुरात आणि राखेत येतं. भुसा कुंडीत किंवा खतात घालू नका. पिशवीत बांधून महापालिकेच्या कचऱ्यात घातक कचरा म्हणून वेगळा सांगून द्या.

१०. ठेवणं आणि पुढची देखभाल

प्रत्येक पायाखाली रबराची जाड चकती किंवा फरशीचा तुकडा ठेवा. गच्चीच्या उताराचं पाणी पायाशी थांबत असेल तर बाक सरकवा.

दर वर्षी पावसाळा संपला की बैठकीवर पाण्याचे थेंब टाका. थेंब उभे राहिले तर काहीच करू नका. पसरून गडद डाग पडला तर साबणाने धुवा, आठवडाभर सुकवा, घासण्याची गरज नाही, एकच हात द्या आणि पुसा. बैठकीला हे दीड-दोन वर्षांनी लागतं, पायांना तीनेक वर्षांनी. चिरा बारीक असतील तर दुर्लक्ष करा. रुंद चिरेत आतला पिवळा गाभा दिसत असेल तर त्यात कॉपर नॅफ्थेनेट सोडा, सुकू द्या, मग स्टेन.

विश्वामित्री नदीचं पाणी २०१९ आणि २०२४ मध्ये ज्या सोसायट्यांत शिरलं, तिथे तळमजल्यावर बाक ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी आहे. पुराचा गाळ फटींत आणि पायाच्या टोकात बसतो आणि ओल धरून ठेवतो. पाणी ओसरल्यावर बाक उलटा करा, फटी साध्या पाण्याने मऊ ब्रशने मोकळ्या करा, स्क्रू अर्धा फेरा सैल करून वाऱ्याला लागू द्या. महिनाभर सुकल्यावर वजनाचीच परीक्षा, आणि मग पायांच्या तळाला आधी स्टेन, बाकीला नंतर.